चोरीची ठरवलेली सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे, मासे कापायची. आयुष्यभर इमानाने राबले आणि म्हातारपणी माझ्यावर शिक्का बसला तो चोरीचा माल म्हणून.

माझं पातं नॉर्वेच्या उत्तरेकडच्या एका बेटावरच्या लोहाराने घडवलं. बर्च झाडाच्या लाकडाची मूठ बसवली ती माझ्या मालकिणीच्या, सोलफ्रिदच्या, वडिलांनी. इथल्या मासळीच्या कारखान्यात कामाला जाताना सुरी आपली आपण न्यायची आणि संध्याकाळी घरी आणायची, अशी रीत. कारखाना सुरी देत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हिवाळ्यात कॉड माशांचा हंगाम आला की आम्ही दोघी बर्फगार पाण्यात दिवसभर चालायचो. जुने मालक म्हणायचे, "सोलफ्रिदने कापलेल्या माशाच्या काट्यावर मांजर उपाशी मरेल." मला केवढा अभिमान वाटायचा.

पुढे त्यांनी कारखाना विकला आणि दक्षिणेकडून हाल्वार मालक होऊन आला. त्याने सरकत्या पट्ट्याचा वेग वाढवला. एकदा घाईत मी सोलफ्रिदच्या बोटात शिरले, तर हा म्हणाला, "रक्त पूस आणि चालू ठेव. पट्टा थांबायचा नाही."

सोलफ्रिदने कामगार निरीक्षकांकडे तक्रार केली. त्यावर हाल्वारने तिला कामावरून काढून घरी बसवलं. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. गावच्या दुकानात, कॉफी पिणाऱ्यांच्या भर घोळक्यात तो म्हणाला, "ती बाई होय? जाताना कारखान्याची सुरी लांबवली तिने."

त्या घोळक्यातल्या निम्म्या लोकांनी त्याच कारखान्यात स्वतःची सुरी चालवलेली. पण एकानेही तोंड उघडलं नाही. हाल्वारपेक्षा मला त्यांचाच राग जास्त येतो.

आमच्या बेटावर भांडणाची सगळ्यांनाच धास्ती. सोलफ्रिदने मला स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि हाल्वारच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "घे बाबा, आणि आता गप्प बस," एवढंच ती बोलली. झालं! गावाला आयती कबुली मिळाली. शेजारच्या बेटावरच्या कारखान्यात ती काम मागायला गेली, तर त्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं.

युनियनच्या यूरुनने कपाळावर हात मारला. "अगं, परत दिलीस कशाला? सुरी तुझीच ना?"

"वाद नको म्हणून."

"वाद नको म्हणून चोर झालीस. आता ऐक. तुला काढून टाकलं, त्यावर युनियन कोर्टात जाईल, ते माझ्यावर सोड. बदनामीचं वेगळं. तो अर्ज आधी गावच्या तडजोड मंडळाकडे करायचा. साक्षीदार मात्र बघ कुणीतरी."

सोलफ्रिद दुकानदाराकडे गेली. तो म्हणाला, "मला नको गं यात ओढूस. तोही माझं गिऱ्हाईक आहे."

मंडळावर गावातलीच तीन माणसं. हाल्वारने मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "चोरली नव्हती, तर परत का केली?" सोलफ्रिदची मान खाली गेली. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात मंडळावरच्या म्हाताऱ्या गुनवोरने मला हातात घेतलं.

"हाल्वार, तुझ्या त्या कारखान्यात माझी उमर गेली. कारखान्याने कुणाला सुरी कधी दिली रे?"

हाल्वारने कागद पुढे ओढला. आरोप खोटा होता, माफी मागतो, असं लिहून त्याने सही केली आणि मी सोलफ्रिदच्या हातात परत आले. गुनवोरने तिला विचारलं, "आणखी काही हवंय का तुला?" यूरुनने तिला कोपराने ढोसलं. पण आमच्या लोकांना जास्त मागायची लाज वाटते. सोलफ्रिदने नुसती नकारार्थी मान हलवली.

मित्रांनो, तिथेच घात झाला. आळ घेतला भर दुकानात आणि माफी मागितली बंद खोलीत. ती ऐकली किती जणांनी? नोकरीचा खटला यूरुन अजून लढते आहे. आणि सोलफ्रिद दुकानात शिरली की दुकानदाराची नजर अजूनही तिच्या पिशवीकडे जाते. बटाटे सोलता सोलता ती मला हे सांगते, तेव्हा माझी मूठ तिच्या हातात आवळली जाते.

म्हणून तुमच्यापाशी एक मागणं आहे. कुणी तुमच्यावर खोटा आळ घेतला, तर वाद टाळायला आपली वस्तू देऊन बसू नका. आणि माफी मागायची वेळ त्याच्यावर आली, तर ती त्याच ठिकाणी, त्याच माणसांसमोर मागायला लावा. लाज वाटली, तरी लावा.