स्टेशनाबाहेर पसरलेली सतरंजी

मित्रांनो, मी आहे एक जुनी सतरंजी. अंगावर निळे-लाल पट्टे, एका कडेचे दोरे सुटलेले. नंदुरबारच्या एका लहान घरात मी राहते.

हातमागावर मला विणलं. नवलभाऊ आणि कमलबाई यांनी लग्नाच्या वर्षी मला घरी आणलं. कमलबाई माझ्यावर शेजारणींना बसवायची, पापड लाटायची, उन्हाळ्यात गच्चीवर माझ्यावरच पडून तारे बघायची. सतरंजी अजून नवीच दिसते, असं कुणी म्हटलं की तिला बरं वाटायचं.

मागच्या वर्षी कमलबाई गेली. नवलभाऊंनी माझी घडी करून मला लोखंडी पेटीत ठेवलं. आत अंधार होता. लांबून सुरतेच्या गाडीचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, मी तापीच्या पाण्यावर पसरले आहे, हळूहळू वाहते आहे, आणि कमलबाई माझ्यावर बसून काहीतरी सांगते आहे. बाहेर घरात मात्र कुणी बोलत नव्हतं.

एक दिवस शहाबानो आपा आल्या. पूर्वी त्या दवाखान्यात नर्स होत्या. आता दर रविवारी सकाळी त्या आणि आणखी चारपाच जण स्टेशनाबाहेर राहणाऱ्या बेघर माणसांजवळ जाऊन बसतात. जेवण वाटणारे येतात आणि जातात, बसणारं कुणी नसतं, असं त्यांनी सांगितलं. नवलभाऊंनी पेटी उघडली आणि रविवारी मला घेऊन ते आपांबरोबर स्टेशनाबाहेर गेले.

तिथल्या लिंबाखाली दगा नावाचा माणूस राहायचा. मला पसरताना पाहून तो म्हणाला, "एवढी मोठी सतरंजी! लगीन शे का आठे?"

इथे लग्न आहे का, हे ऐकून नवलभाऊ कितीतरी दिवसांनी हसले. दगा बसला, त्याने चहा घेतला. मग आपल्याकडे अनोळखी माणसाला सगळे पहिलं जे विचारतात, तेच नवलभाऊंनी विचारलं, "कोणता गावना तुम्ही?"

दगाने कप खाली ठेवला, गाठोडं उचललं आणि तो लांब जाऊन बसला. गावात त्याला आता कुणी दारात उभं करत नाही, असं आपांनी नंतर सांगितलं. नवलभाऊंचा चेहरा उतरला.

पुढचे दोन रविवार ते माझ्यावर एकटेच बसले. दगा पाठ फिरवून. मला भीती वाटायची की हे मला पुन्हा पेटीत ठेवतील आणि स्वतःही घरात बंद होतील.

तिसऱ्या रविवारी धुकं होतं. वाळत घातलेल्या मिरचीचा वास येत होता. नवलभाऊ दगाकडे न बघता म्हणाले, "मन्ही कमल गयी. घरमा बोलाले कोणी नही शे."

एक गाडी आली, गेली. दगा उठला आणि माझ्या कडेला येऊन बसला. त्याने विचारलं, "कशा व्हत्यात वहिनी?"

नवलभाऊ सांगू लागले. वर्षभर मनात साठलेलं सगळं सांगितलं. धुकं कधी विरलं ते दोघांनाही कळलं नाही.

मित्रांनो, मला धुवा, ऊन दाखवा, सुटलेले दोरे शिवा. पण जपायची म्हणून घडी करून ठेवू नका. माझ्यावर दोन माणसं शेजारी बसणार असतील, तर झिजायला मी तयार आहे.