करार मोठ्याने वाचणारी

आता तिच्या हाताखाली शिकाऊ वकील आहेत. त्यांच्यातलं कुणी पुटपुटत वाचायला लागलं की तिला आपले पहिले दिवस आठवतात आणि उगीच भरून येतं.

ती शिकाऊ होती त्या फर्ममध्ये कंपन्यांचे करारमदार व्हायचे. साहेबांचा जुना नेम होता, सह्यांआधी सगळा करार दोन्ही बाजूंपुढे मोठ्याने वाचायचा, आणि तो शिकाऊ वकिलानेच. तिचा आवाज इतका बारीक की शेजारचाही कान टवकारायचा. ऑफिसने तिचं नाव ‘कुजबुज’ ठेवलं. शेवटी साहेबांनी शांतपणे सांगितलं, शुक्रवारी बेकरीच्या विक्रीचा करार ती वाचेल. सगळ्यांना ऐकू गेला नाही तर तिने दुसरीकडे काम बघावं.

आई घरी कपडे शिवायची. लेकीचा उतरलेला चेहरा बघून म्हणाली, मशीन चालू असतानाच वाच, मला ऐकू आलं तर कुणालाही येईल. मग रोज संध्याकाळी विक्रीच्या कराराच्या एका जुन्या कोऱ्या नमुन्याचं वाचन आणि मशीनची खडखड यांची जुंपायची. आई मध्येच पाय थांबवायची.

"अगं, पण विकणाऱ्या बिचाऱ्याच्या हाती राहिलं काय?"

"आई, तू शिव."

एकदा तर शेजारच्या काकू भांडण कुणाचं ते बघायला दारात येऊन गेल्या.

शुक्रवारी तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. खरेदी करणारी कंपनी साहेबांची अशील होती. समोर बेकरीवाले आजोबा बसले होते, शेजारी त्यांचा वकील. आवाज कसा खणखणीत लागला, तिचं तिलाच नवल वाटलं. मग ते कलम आलं: विकणाऱ्याने यापुढे या शहरात पाव बनवायचा नाही, विकायचा नाही.

"पोरी, परत वाच," आजोबा म्हणाले.

तिने वाचलं.

"म्हणजे घरी नातवंडांसाठीही भाजायचा नाही?"

त्यांचा वकील म्हणाला की असं सगळ्याच करारांत असतं. आजोबा उठले. हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणून निघून गेले. कंपनीची माणसंही तणतणत उठली. तिने कागद गोळा केले. आवाज लागला आणि त्यानेच घात केला, असं तिला वाटलं.

साहेब शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"‘बनवायचा’च्या आधी ‘विकण्यासाठी’ घाल. कंपनीला मी समजावतो. हे सहीनंतर निघालं असतं, तर सगळे कोर्टात भेटलो असतो. सोमवारी परत तूच वाच."

"म्हणजे मी राहू, सर?"

"नाहीतर वाचणार कोण?"

सोमवारी त्या कलमापाशी आजोबांनी डोळे मिटून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, मान डोलावली आणि सही कुठे करायची ते तिलाच विचारलं.