जोडीचा श्वास

नवीन जालन्यातल्या शाळेत दर रविवारी पोरं गायला जमायची. हमालाची, अडत्याची, शिंप्याची, मास्तराची. गाणं शिकवणाऱ्या उषाबाईंनी घरोघर फिरून गोळा केलेली. गाण्याच्या शेवटी एक लांब सा होता. तो एकट्याच्या छातीत मावत नसे. म्हणून जोड्या. शेजारच्याचा हात धरायचा, दम संपत आला की दाबायचा. दाबणाऱ्यानं श्वास घ्यायचा, दुसऱ्यानं तोवर ओढून धरायचं. ऐकणाऱ्याला

— श्वास —

फट कळत नाही.

कौसल्याच्या जोडीला द्वारका. कौसल्या स्टेशनवरचे हमाल तातेराव यांची, बौद्धवाड्यातली. द्वारका अडते पुंजाराम यांची.

"बाई, द्वारका हात दाबून राह्यली का मुरगाळून?" शिंप्याचा नसीर.

"तू तुझं बघ, बेसुऱ्या!" दोघी एकदम.

हे जुलैपर्यंत. साल अठ्ठ्याहत्तर. मग विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव बौद्धांची घरं पेटली. कौसल्याचा मामा संपत बायकापोरं घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी आला. एका खोलीत आता

— श्वास —

दोन घरं.

पुंजाराम शाळेत आले. "बाई, पोरगी गाईन. पण तिचा हात न्हाई धरणार."

"मग स्वर तुटेल."

"तुटू द्या. आम्हाला चार लोकांत राहायचंय."

एकीचाच हात सोडवला तर दिसेल. म्हणून उषाबाईंनी सगळ्यांचेच सोडवले. "पंधरा ऑगस्टला हात खाली, सरळ. शिस्तीत दिसतं," त्या कौसल्याकडं न बघता म्हणाल्या.

घरी मामा म्हणाला, "कोणापुढं गाती गं? जाळणारांपुढं?"

"मामा, माझी जागा हाय ती. मी न्हाई गेले तर म्हणतील, नव्हतीच."

आई, चांगुणाबाई, तिची वेणी घालत राहिली. जरा जास्तच घट्ट.

पंधरा ऑगस्ट. हॉल भरलेला. पुंजाराम पहिल्या रांगेत. गाणं नीट गेलं. मग सा. कोणाचा दम कुठं संपतोय, कोणालाच कळेना. नसीर थांबला, त्याच्या शेजारचा थांबला, अख्खी रांग एकदमच

— श्वास —

आणि एकटी कौसल्या.

हॉलमध्ये तेवढाच आवाज. मागून कोणीतरी विचारलं, "कोणाची हो ही?" कोणीतरी सांगितलं. खुर्च्या करकरल्या.

पोरांनी दम घेतला होता. आता फक्त परत उचलायचं. नसीरनं बाईंकडं पाहिलं. उषाबाईंचा हात वर होता. बोटं हलवली असती तर सगळे गायले असते. त्यांनी खुर्च्यांकडं पाहिलं. बोटं हलली नाहीत.

कौसल्याचा हात शेजारी गेला, द्वारकाचा सापडला. दाबला. परत दाबला.

द्वारकानं छाती भरून घेतली. बापाकडं पाहिलं. हात सोडवून घेतला नाही. तोंडही उघडलं नाही.

सा चिरकला, खरवडत थोडा पुढं गेला, संपला.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, गाणं एवढंच असेल. द्वारकाची छाती अजून भरलेलीच होती.