कडी राहू दिली

मी एक जुनी फीत आहे, मित्रांनो. दिसते रिबिनीसारखी, पण माझ्यावर संगणक आकडे लिहितो. मी ज्या चाकावर गुंडाळलेली आहे, त्याच्या मागे प्लॅस्टिकची एक कडी बसते. कडी असली तर माझ्यावर लिहिता येते. काढली तर फक्त वाचता येते.

साताऱ्याच्या एका कार्यालयात विजयमालाबाई माझ्यावर काम करत. बहात्तरच्या दुष्काळात कोणत्या विहिरीला पाणी टिकले, ते त्या गावोगाव जाऊन विचारून आणत. तिथले यंत्र आधी माझ्या सुरुवातीला लिहिलेले मालकाचे, म्हणजे बाईंचे, नाव वाचायचे. वाचायला सगळ्यांना मुभा होती, लिहायला फक्त बाईंना. साहेबांनाही ते यंत्र नकार द्यायचे. त्यामुळे तिथे कडी काढायची सवय कोणालाच नव्हती.

मग बाई काविळीने गेल्या. कार्यालयाने त्यांचे कागद रद्दीत घातले. पुढे ते यंत्रही बंद पडले. त्यांचे पती आकाराम फौजेतून निवृत्त झालेले. बाईंच्या नावाने विहिरींचे पुस्तक छापायचे, एवढेच त्यांच्या मनात होते. कार्यालयातून मला मागून घेऊन ते माझ्यावरचे छापून घ्यायला सांगलीच्या यंत्राकडे गेले.

तिथे यंत्रावर धन्यकुमार होता. त्याने मला उलटे करून पाहिले.

"मामा, कडी हाय की मागं. काढू का?"

"ऱ्हाऊ दे रं. तिनं बसवलेली हाय. आन् तिच्या नावाची राखण हाय हिला. साताऱ्याचं यंत्र साहेबाला बी दाद देत न्हवतं."

"मामी लय कडक दिसत्यात!"

"हुती," आकाराम म्हणाले.

धन्यकुमारने मला यंत्रावर चढवले. त्याने कडी तशीच ठेवली.

सांगलीचे यंत्र मालकाचे नाव बघतच नसे. कडी दिसली की त्याला परवानगी मिळाली. शेजारी एका कारखान्याच्या उसाची वजने उतरवून घ्यायची फीत लावलेली होती. माझ्यावरचे वाच आणि तिच्यावर लिही, असा हुकूम देताना धन्यकुमारने दोन्ही फितींचे क्रमांक उलटे दिले. साताऱ्याच्या यंत्राने तिथेच अडवले असते. याने विचारले नाही. ऊस माझ्यावर उतरला. बाईंचे नाव सगळ्यांत पुढे होते, ते आधी गेले. मग विहिरी गेल्या.

"आवं, मी इचारलं हुतं की, मामा!"

"व्हय. इचारलं हुतंस."

आकारामांनी स्वतःच्या हाताने कडी काढली आणि खिशात घातली.

मित्रांनो, आपली जिवाची वस्तू दुसऱ्याच्या दारात नेलीत, तर तिथली रीत आधी विचारा. आपल्याकडची राखण तिथे कोणी ओळखत नाही.

मी आता त्यांच्या घरी खुंटीला असते. कडी नाही. माझ्यावरचा ऊस आता कोणीही पुसू शकत नाही.