शनिवारची सही

मुख्याध्यापक भागोजी गुरुजींनी आयुष्यात एकही कागद अपुरा ठेवला नव्हता, आणि त्याचा त्यांना तोरा होता. जयगडजवळच्या त्यांच्या दोनशिक्षकी शाळेत हजेरीपासून खिचडीच्या तांदळापर्यंत सगळी रजिस्टरं जिथल्या तिथे असत.

२००३च्या जूनमध्ये तालुक्याच्या शिबिरात एका डॉक्टरीणबाईंनी शिक्षकांना सांगितलं, मुलांचं डोकं घडवायचं तर आधी आपलं जपा. सात तास झोप, अर्धा तास चालणं, वेळेवर जेवण, आणि रोज कुणाशी तरी मनातलं बोलणं. प्रत्येकाने त्याची वही ठेवावी, मुख्याध्यापकांनी ती दर शनिवारी बघावी. "आली आणखी एक वही," गुरुजी पुटपुटले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या वहीत सप्टेंबरअखेरपर्यंत रोजचे सात तास झोपून घेतलं.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका कनीज बाई मात्र रोजचं रोज लिहायच्या. त्यांचा नवरा कुवेतला, घरी अंथरुणाला खिळलेली सासू, शाळेत पहिली-दुसरीची पस्तीस पोरं. शनिवारी शाळा सुटताना त्या वही टेबलावर उघडून ठेवत. गुरुजी एसटीच्या वाटेकडे एक डोळा ठेवून खाली 'पाहिले' लिहीत आणि सही ठोकत. एकदा बाई घुटमळल्या.

"गुरुजी, वाचलंत?"

"बाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं. त्यात मी काय वाचायचं?"

बाई हसल्या आणि त्यांनी वही कपाटात ठेवून दिली.

डिसेंबरातल्या एका सकाळी दुसरीतली वेदिका धावत गुरुजींकडे आली. गुरुजी वर्गात गेले तर बाई फळ्यासमोर खडू धरून उभ्या होत्या. हातचा एक कुठे लिहायचा, तेच त्यांना आठवत नव्हतं. गुरुजींना पाहून बाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. मग रत्नागिरीला उपचार, बिनपगारी रजा, आणि मार्चमध्ये राजीनामा.

राजीनाम्याचे कागद पुरे करताना गुरुजींनी ती वही पहिल्यांदा वाचली. 'झोप: अडीच तास. बोलणे: गुरुजींना सांगायचे आहे.' पुढच्या आठवड्यात, 'झोप: दोन तास. बोलणे: गुरुजी घाईत होते.' ऑगस्टपासून मात्र रोज एकच ओळ होती. 'बोलणे: इथे लिहिले आहे. गुरुजी वाचतील.' आणि दर शनिवारी त्याखाली त्यांचं 'पाहिले'. गुरुजींना स्वतःच्या सहीची लाज वाटली.

त्या शनिवारी ते एसटीने घरी न जाता चालत बाईंकडे गेले.

"बाई, वही वाचली मी. चुकलं माझं."

बाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. मग विचारलं, "तुम्ही तरी नीट झोपता का, गुरुजी?"

'सात तास' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "माझी वही सगळी खोटी आहे, बाई. खरं लिहिणारं माणूस शाळेत एकच होतं, ते मी घालवलं."