न उचललेला फोन

आई गेली तेव्हा शरयूकाकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. "सवाष्ण गेली गं माझी मैत्रीण," म्हणाल्या आणि हमसून रडल्या. काकू आमच्या इथल्या, अमेरिकेत पार्सिपनीतल्या शेजारी, मूळच्या सदाशिव पेठेतल्या. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. आमच्यात कुंकू लावत नाहीत हे काकूंना चांगलं ठाऊक होतं, पण त्या वेळी कोणाला काय सुचतंय? मीही पुसलं नाही. काकूंवर आईचा फार जीव होता.

दफन दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी ठरलं होतं. सकाळीच सिनेगॉगमधून राबायचा, म्हणजे धर्मगुरूंचा फोन आला. आईला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायका थबकल्या होत्या. कपाळावर लाल, गळ्यात काळे मणी. ही बाई ज्यू आहे याची खात्री पटल्याशिवाय कब्रस्तानात जागा देता येणार नाही, म्हणे.

माझं डोकंच फिरलं. पप्पा मात्र कोट चढवून निघाले, मला सोबत घेऊन.

राबायच्या ऑफिसात त्यांनी आपल्या मोडक्या इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं. पोथ्या बुडाल्या. हिब्रूतली एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली, आणि शनिवार राहिला. आमचे तेलाचे घाणे शनिवारी बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. मंगळसूत्र आमच्यात घालतात. कुंकू मैत्रिणीनं लावलंय.

"इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्यांबद्दल मी वाचलंय," राबाय म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, तेच जास्त लागलं. "पण तुम्ही ज्यू आहात हे तुमच्याकडच्या कोणीतरी सांगायला हवं."

दोन हजार वर्षं कोकणात आम्हाला कोणी पुरावा मागितला नव्हता. तो मागितला आमच्याच माणसांनी, २००६ साली, आई शवागारात असताना.

पप्पांनी अलिबागच्या सिनेगॉगचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. मग पनवेलच्या मावसभावाला लावला. कोणी उचलेना. माझ्या एकदम लक्षात आलं. आमचा शनिवार, म्हणजे शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो आणि तो संपेपर्यंत कुठल्याही कामाला हात लावायचा नसतो.

"तिकडे शुक्रवारची रात्र झालीये," मी म्हटलं. "शब्बाथ लागलाय. आमची माणसं आता फोनला हात लावणार नाहीत."

राबायने खिडकीबाहेर पाहिलं. काही तासांत त्याचाही शब्बाथ लागणार होता. "मग रविवारी," तो म्हणाला.

शनिवारभर आई शवागाराच्या थंडीत एकटी पडून राहिली, आणि पप्पा घरी तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून राहिले. काकू वरणभात घेऊन आल्या, पण उंबऱ्याच्या आत येईनात. "माझ्याच हातानं झालं हे," एवढंच म्हणाल्या. मला काकूंचा राग यायला हवा होता. आला नाही.

रविवारी अलिबागला पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. कब्रस्तानात राबायने पप्पांचे दोन्ही हात धरले. "त्यांनी फोन उचलला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला माफ करा."

"शनिवारी ती तशीही कुठे जात नसे," पप्पा म्हणाले.

आईला खाली उतरवलं. आधी घरच्या माणसांनी माती द्यावी, असं राबायने सांगितलं. पप्पांनी फावडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. लांब, गाड्यांपाशी, शरयूकाकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"शरयूताई, या ना इकडे," पप्पांनी मराठीत हाक मारली. "घरच्यांनी आधी द्यायचीय."