टेपची आंघोळ

पालमच्या बसस्टँडासमोर सूर्यभानचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, पण नाव दुकानापेक्षा त्याच्या चिठ्ठ्यांचं जास्त. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक डब्याला तो सुतळीनं चिठ्ठी बांधायचा. वर गिऱ्हाइकाचं नाव, खाली यंत्राच्या दुखण्याची टवाळी. कुणाच्या रेडिओत उंदरीण बाळंत झालेली, कुणी सेल चुलीवर शेकलेले. त्या वाचायला रिकामटेकडी माणसं चहा पीत बसायची. झकास चिठ्ठी असली की भुजंग कंडक्टर ती उतरवून घ्यायचा, बसमध्ये मोठ्यानं वाचायचा आणि गंगाखेडच्या रायभान मेकॅनिकला नेऊन द्यायचा. येताना रायभाननं लिहिलेली घेऊन यायचा. सूर्यभान त्यावर लय खूश असायचा. माणसाला कशाचाही माज येतो, त्याला चिठ्ठ्यांचा आला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मेंढरं राखणारी म्हातारी बायनाबाई फडक्यात टेप बांधून आली. खंडेनवमीला घरची हत्यारं धुऊन पुजतात. हिनं कुऱ्हाड धुतली, मेंढरं कातरायची कातर धुतली आणि त्यांच्याच रांगेत टेपही साबण लावून धुतला. बटणांवर हळदीकुंकू तसंच होतं.

"बोलंना झालाय," ती म्हणाली. "बघ बाबा."

तिची पाठ वळेपर्यंत सूर्यभाननं कसंबसं हसू दाबलं. मग लिहिलं: 'बायनाबाईचा टेप. आजार आंघोळीचा. म्हातारीनं अंग चोळून न्हाऊ घातलं, सर्दीनं घसा बसला. तीट लावायची तेवढी राहिली.' लोकांची हसून मुरकुंडी वळली. भुजंगनं तर दोनदा उतरवून घेतली.

आठ दिवसांनी बायनाबाई आली तेव्हा बैठक भरलेलीच होती. तिला बघून दोघं-तिघं फिसकन हसले. सूर्यभाननं टेप वाळवून, पट्टा बदलून तयार ठेवला होता. तिनं कमरेच्या पिशवीतून एक कॅसेट काढली.

"लेकाची हाय. आश्रुबा मिल्ट्रीत हाय, पठाणकोटला. मला वाचता येत न्हाई. आदी कागुद यायचं तवा वाचून घ्यायला लोकाच्या दारात जायची. लोकं वाचायचे अन् हासायचे. म्हून त्यानं दोन टेप घेतले, एक तिकडं, एक मला. आता तोंडानंच बोलतो. ही कॅसेट आली अन् मी टेप बिघडवून बसले. आठ दिस झाले, लेकाचा शबूद न्हाई ऐकला."

"धुतला कामून, मावशी?" कुणीतरी विचारलं.

"कातर पोट भरती, तिची पूजा करायची. ह्यो तर लेकाचा शबूद आणून देतो," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. सूर्यभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो घाईनं चिठ्ठी तोडायला गेला, पण तिनं ती हातात धरली.

"काय लिव्हलंय रं ह्यावर?"

सगळ्यांची तोंडं सूर्यभानकडं वळली.

"लिव्हलंय," तो म्हणाला, "बायनाबाईचा टेप. लेकाचा आवाज हाय ह्यात. जपून हाताळा."

म्हातारीचे डोळे भरले. "लय चांगलं लिव्हलंस, लेकरा. आजपतुर माज्यासाटी कुणी असं लिव्हलं न्हाई."

"द्या ती, मळलीय. नवी लिहून देतो."

"नगं. हीच असू दे. दिवाळीला आश्रुबा यायलाय, त्याच्याकडून वाचून घेते."

तिनं चिठ्ठी सोडवून घडी केली, कॅसेटसोबत पिशवीत ठेवली आणि टेप घेऊन गेली. तिच्या हातातली चिठ्ठी ओढून घ्यायची छाती सूर्यभानला झाली नाही.

त्या दिवसापासून त्यानं चिठ्ठ्या लिहिणं सोडलं. भुजंग मागायचा, तर हा मान वर करायचा नाही. गंगाखेडची गाडी लागली की दुकानाच्या मागं जाऊन उभा राहायचा. झोपताना स्वतःलाच शिव्या द्यायचा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हिरव्या कपड्यातला एक उंच गडी दुकानात आला. खांद्याला बॅग होती, परतीच्या गाडीला अजून वेळ होता. त्यानं खिशातून घडी काढून काउंटरवर ठेवली. सूर्यभाननं बघितल्याबरोबर ओळखली. आता थोबाडीत बसणार, असं वाटून तो तसाच उभा राहिला. बसली असती तर बरं वाटलं असतं.

"आईनं वाचायला सांगितली," आश्रुबा म्हणाला. "तुमी तिला जे सांगितलं व्हतं, मी बी तेच वाचलं."

एवढं बोलून तो बसस्टँडकडं निघून गेला.